ट्रान्झिस्टरची बैठक

गुंडप्पाला जावयाची एकच गोष्ट खुपायची. त्याला फळ्यावर ट्रान्झिस्टर काढता यायचा.

बाकी माणूस सोन्यासारखा होता. मन्मथ लातूरला एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हता. सासऱ्यापुढं आला की वाकून ‘शरणार्थ, मामा’ म्हणायचा आणि मामा टेकल्याशिवाय स्वतः टेकायचा नाही. अशा जावयात खोट काढायची म्हणजे दुधात खडा शोधायचा. पण हेव्याला खोट लागतच नाही. उलट समोरचा जितका चांगला, तितका हेवा अंगी लागतो.

गुंडप्पाचं दुकान नांदेडला वजिराबादच्या एका बोळात होतं. मूळ गाव देवणी. चौथीत शाळा सुटली, मग सायकलचं दुकान, मग रेडिओवाल्याच्या हाताखाली, आणि शेवटी स्वतःचं दुकान. इंग्रजी अक्षरं तो शिकला तीसुद्धा ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर छापलेली बघून. लग्नाच्या मांडवाला, भजनाला, जयंतीच्या मिरवणुकीला जे अ‍ॅम्प्लिफायर लागतात, ते तो हातानं बांधायचा. लोक त्याला नुसतं मशीन म्हणायचे. आवाज कसा, तर गुंडप्पाच्या मशीनसारखा, असं बोलायची रीत पडली होती.

त्याची करामत एका जागी होती. ट्रान्झिस्टरला आवाज मोठा करायला लावायचं, तर आधी त्याला नीट बसवावं लागतं. त्याच्या तीन पायांपैकी बेस नावाच्या पायाला थोडा करंट कायम द्यावा लागतो, माईकमध्ये कुणी बोलत असो वा नसो. हा करंट कमी पडला तर आवाज घशात अडकतो, जास्त झाला तर फाटतो. मधली जागा सापडली की आवाज मोकळा. पुस्तकात याला बायस म्हणतात. गुंडप्पा बैठक म्हणायचा. बैठक सापडेपर्यंत तो बेसचा एक रझिस्टन्स काढून दुसरा लावायचा, माईकमध्ये ‘शिवा शिवा’ म्हणायचा, मान तिरपी करून ऐकायचा, परत काढायचा. वापरायचा जुन्या रेडिओतून काढलेले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, कारण त्यांचा आवाज गोड लागतो अशी त्याची श्रद्धा होती.

उन्हाळा लागला की मशीनं दुकानात परत यायची. ‘गुंडप्पा, गळा बसला बघा हिचा.’ तो हसून बैठक बदलून द्यायचा. पावसाळ्यात तीच मशीनं पुन्हा यायची, पुन्हा तो बदलून द्यायचा. दुलई आणि चादर असते, तसे त्याच्याकडं हिवाळी रझिस्टन्स आणि उन्हाळी रझिस्टन्स वेगवेगळ्या डब्यांत होते. माणसाला हंगाम बाधतो, मशीनला का बाधू नये? यात काही चूक असेल असं त्याला कधी वाटलं नाही, आणि गिऱ्हाइकालाही वाटलं नाही.

शिवलीला ही त्याची एकुलती एक. ती या टेबलाशीच वाढली. बाकीच्या पोरी भातुकलीत रमायच्या तेव्हा ही रझिस्टन्सवरचे रंगाचे पट्टे म्हणून दाखवायची. बाप सोल्डरचा टाका घालायचा, ही फुंकर मारायची. पुढं तिचा टाका बापापेक्षा बारीक पडायला लागला, तेव्हा गुंडप्पा दुकानात येईल त्याला तो दाखवायचा. ‘आमच्या शिवीनं घातलाय, बघा.’ तिच्या लेखी जगात मशीनमधलं कळणारा माणूस एकच होता, आणि तो तिचा अप्पा होता. गुंडप्पाला यापेक्षा मोठं काही मिळवायचं नव्हतं.

किल्लारीच्या भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पंचमीला ती पहिल्यांदा माहेरी आली, आणि आल्या आल्या दुकानातल्या तिच्या जुन्या स्टुलावर जाऊन बसली.

“अप्पा, बेसला तुम्ही एकच रझिस्टन्स का लावता?”

“मग काय हार घालू त्याला?”

“तसं न्हाई. हे म्हणत होते, दर ट्रान्झिस्टरचा बीटा, म्हंजे करंट वाढवायची ताकद, येगळा असतोय. म्हणून एकाची बैठक दुसऱ्याला बसत न्हाई.”

“ते मला म्हाईत न्हाई व्हय? म्हणून तर दर येळेला नव्यानं कान लावतो.”

“हाव. पण कान लावायची गरजच पडू नये अशी जोडणी असते म्हणे. ह्यांनी मला काढून दाखवली.”

“कुठं काढली?”

“घरी फळा हाय की ह्यांचा.”

घरात फळा. गुंडप्पानं हातातली सोल्डरची तार खाली ठेवली. तेवढ्यात दुकानामागच्या घरातून गुरम्मा, त्याची बायको, पुरणाचे दिंड घेऊन आली. बापलेकीची तोंडं बघून म्हणाली, “काय झालं? लेक नांदायला धाडली का शाळंत घातली? खाऊन घ्या आधी. दिंडात बीटा घातला न्हाई मी.”

शिवलीला खळखळून हसली. गुंडप्पाही हसला, पण दिंड त्यानं तसाच ठेवून दिला. ‘ह्यांनी सांगितलं’ हे दोन शब्द तिनं त्या मुक्कामात कितीदा म्हटले! पूर्वी तिथं ‘अप्पा म्हणतेत’ असायचं. लेक दिली याचं त्याला काही वाटलं नव्हतं. ती द्यायचीच असते. पण तिच्या तोंडातली आपली जागाही तिच्या मागोमाग सासरी गेली, हे त्याला पंचमीला कळलं.

मग ती पहाट आली. किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं बसली. लातूर शहर उभं राहिलं, पण माणसाच्या मनातला सिमेंटवरचा भरवसा गेला. मन्मथचा क्लास एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरायचा. पोरं स्लॅबखाली बसेनात. कुणी बाक सरकवला तरी सगळे दाराकडं बघायचे. शेवटी क्लासचे मालक उद्धव सर यांनी औसा रोडला मोकळ्या जागेवर पत्र्याचं लांबलचक शेड ठोकलं. पत्रा पडला तर टेंगूळ येईल, जीव जाणार नाही, असा हिशेब. झालं उलटंच. शेडमध्ये जागा मोठी, लातूरच्या निकालांचं नाव तेव्हा गाजायला लागलेलं, पोरं परभणीहून, बिदरहून यायला लागली. इतकी, की मागच्या बाकाला मास्तरचं तोंड हललेलं दिसे, ऐकू काही येत नसे.

“मशीन लागंल,” शिवलीला उद्धव सरांना म्हणाली. “माझे अप्पा बांधतेत.”

गुंडप्पानं ते मशीन बांधलं तेव्हा दुकानाला जणू सोहळा होता. इथून पुढं जावई जे काही बोलेल ते आपल्या ट्रान्झिस्टरमधून जाणार होतं. फळ्यावर काय काढायचं ते काढा बापू, मागच्या बाकावर पोचवणार गुंडप्पाच. पौषातल्या थंडीत त्यानं साठ्यातला सगळ्यात गोड जर्मेनियम निवडला, बैठक जमवली आणि एसटीत मांडीवर घेऊन मशीन लातूरला नेलं. शेडमध्ये बसवलं, ‘शिवा शिवा’ म्हटलं. शेवटच्या खांबापाशी उभी असलेली शिवलीला तिथूनच म्हणाली, “अप्पा, कानात बोलल्यावानी यायलंय.” त्या दिवशी परतीच्या एसटीत त्याला झोप लागली नाही, इतका तो खूश होता.

होळी झाली. पाडवा झाला. नांदेडची मशीनं नेहमीसारखी गळे बसवून परत यायला लागली. लातूरहून काही निरोप नाही.

गुंडप्पा वाट बघत होता. तक्रार येईल, आपण जाऊ, उन्हाळी रझिस्टन्स लावू, जावयासमोर आवाज पुन्हा गोड करून दाखवू. तक्रार येईना. चांगलं चाललं असेल तर आनंद व्हावा ना माणसाला? याला झोप येईना.

“तुमची मशीन बिघडली न्हाई म्हणून झुरणारे तुम्हीच बघितले,” गुरम्मा म्हणाली.

“उन्हाळ्यात बिघडल्याबिगर राहत न्हाई ती. कुणीतरी हात घातलाय.”

“कुणी?”

“कोण असणार. फळेवाला.”

वैशाखात शिवलीलेला माहेरपणाला आणायचं निमित्त करून, आंब्याची पिशवी घेऊन तो लातूरला गेला. जावयानं स्टँडवर येऊन पिशवी हातातून घेतली. संध्याकाळी अंगणात बाज टाकून दिली. मशीनबद्दल मात्र ना जावई बोलला, ना लेक. विचारावं तर आपण कशासाठी आलो ते उघडं पडतं, म्हणून तोही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आन्हिकात असताना, ‘जरा फिरून येतो’ म्हणून तो शेडवर गेला. झाडणाऱ्या बाईनं ओळखलं, दार उघडून दिलं. त्यानं मशीन टेबलावर ओढलं, स्क्रू काढले, झाकण उचललं.

त्याचा रझिस्टन्स तिथं नव्हता. त्याच्या जागी बेसला वर एक आणि खाली एक असे दोन परके रझिस्टन्स होते. ट्रान्झिस्टरचा एमिटरचा पाय गुंडप्पानं बांधताना सरळ जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, पट्टीला जोडला होता. तिथं पट्टी कापून तिसरा रझिस्टन्स मध्ये घातला होता. टाके बारीक आणि नेटके होते. गुंडप्पाच्या डोळ्यांवर पडदा आला नसता तर ते टाके त्यानं ओळखले असते. पण त्याला तिथं फक्त जावयाचा हात दिसला. सासऱ्याचं मशीन उघडायचं, त्याची बैठक उपटायची, फळ्यावरची लावायची, आणि वर तोंडानं ‘शरणार्थ, मामा’.

त्यानं माईकमध्ये ‘शिवा शिवा’ म्हटलं. आवाज स्वच्छ आला, पण दबका. पूर्वीची भरारी नव्हती. गुंडप्पाच्या जिवाला गार वाटलं. म्हणजे शास्त्र लावून आवाज मारलाच की. फळ्यावर आवाज थोडाच ऐकू येतो?

खिशात तंबाखूच्या डबीएवढी डबी होती, तीत उन्हाळी रझिस्टन्स होते. खांद्यावरच्या पिशवीत सोल्डरिंगची इस्त्री होती. तिन्ही परके रझिस्टन्स त्यानं काढले, एमिटरचा पाय तारेच्या तुकड्यानं पुन्हा जमिनीला बांधला, बेसला आपला एक लावला. सकाळचा गार वारा शेडमधून आरपार वाहत होता. दोनतीन रझिस्टन्स बदलून त्यानं मनासारखी बैठक घेतली. ‘शिवा शिवा.’ पत्रा घुमला. झाडणारी बाई झाडू थांबवून म्हणाली, “बया, लई मोठा झाला की आवाज.”

“असाच होता,” गुंडप्पा म्हणाला. “मधी कुणीतरी दाबला होता.”

सुट्टीची बॅच होती. शेड भरलं. गुंडप्पा मागच्या खांबाला टेकून बसला. मन्मथ भिंगं शिकवत होता. पहिल्याच वाक्याला तो दचकला, माईक तोंडापासून जरा लांब धरला आणि मागं बसलेल्या सासऱ्याकडं एकदा बघितलं. गुंडप्पानं मिशीवरून हात फिरवला.

ऊन चढत गेलं. गुंडप्पाची मशीनं आजवर वाजली ती मांडवात, देवळात, मिरवणुकीत, बहुतेक उन्हं उतरल्यावर. वैशाखातल्या दुपारी पत्र्याखाली ती कधी बसली नव्हती. पत्रा तडतडायला लागला. पोरांच्या वह्या घामानं चिकटायला लागल्या. आधी मन्मथचा ‘स’ फाटला. मग सगळाच आवाज करडासारखा बेंबाटत यायला लागला. पोरं खुसुखुसू हसली. गुंडप्पा ताठ बसला. जर्मेनियम तापत होता, तापला की जास्त करंट ओढत होता, जास्त ओढला की आणखी तापत होता, आणि त्याला आवरणारं मशीनमध्ये आता काहीच उरलं नव्हतं.

मग बोलणं बंदच झालं, आणि चारही भोंग्यांतून एक घरघर निघाली. खोल, जमिनीच्या पोटातून आल्यासारखी. भुडुभुडु भुडुभुडु. पत्रा तिच्याबरोबर थरथरला.

लातुरात त्या वर्षी हा आवाज काय होता ते सांगायला नको. सगळं शेड उठलं. कुणी ओरडलंसुद्धा नाही; नुसते बाक पडल्याचे आवाज आणि पायांचा लोंढा. मन्मथ दारात हात पसरून “सावकाश, मशीनचा आवाज आहे, सावकाश,” म्हणत राहिला. एक पोरगी दाराशी पडली, तिचे गुडघे सोलले. त्यानं तिला उचलून बाहेर नेलं. बाहेर लिंबाखाली पोरं एकमेकांचे हात धरून उभी होती, कितीतरी वेळ जमिनीकडं बघत. गुंडप्पा एकटा आत राहिला. त्यानं मशीनची वायर ओढून काढली, तेव्हा घरघर थांबली.

उद्धव सर आले ते घामानं निथळत. आधी पोरांना बघितलं, मग आत आले.

“मन्मथ सर, हे मशीन उचला. आजच्या आज दुकानातून नवीन आणतो. पोरांच्या जिवाशी खेळ नको.”

“सर, उन्हाळाभर नीट चाललंय ते. आज काहीतरी झालंय.”

“तेच म्हणतो. आज झालं ते उद्या नको.” मग आवाज उतरवून ते गुंडप्पाकडं वळले. “राग मानू नका मामा. तुमचं नाव ऐकून घेतलं होतं. पण फाल्गुनात हे असंच फाटायला लागलं होतं. ताईंनी दोन दिवस खपून बसवून दिलं, म्हणून ठेवलं.”

“कुठल्या ताईंनी?”

“शिवलीलाताईंनी. दुसऱ्या कुणाला येतं इथं?”

गुंडप्पाला कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. घर शेडच्या शेजारीच, गलका ऐकून शिवलीला तेवढ्यात धावत आली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, पोरं धड आहेत ना विचारलं, आणि सरळ मशीनचं झाकण उचललं. बघितलं. एकदा बापाकडं बघितलं. झाकण हातातच राहिलं.

“काय झालंय, ताई?” उद्धव सरांनी विचारलं.

“टाका सुटला,” ती म्हणाली. “उन्हानं. माझाच कच्चा राहिला असंल.”

मन्मथनंही आत डोकावलं. तिथं तीन रझिस्टन्स नव्हतेच, आणि नवा टाका चकचकत होता. फिजिक्स शिकवणाऱ्याला एवढं दिसतं. तो म्हणाला, “होय, टाकाच.” आणि उद्धव सरांना हाताला धरून पोरांकडं घेऊन गेला.

शेडमध्ये बापलेक उरले. तिनं झाकण टेबलावर ठेवलं.

“का काढले?” तिनं विचारलं.

“मला वाटलं जावईबापूंनी…”

“ह्यांनी? ह्यांना शर्टाची इस्त्री धरता येत न्हाई, सोल्डरची कुठली धरतेत. बोट भाजून घेतलं होतं एकदा, तेव्हापासून लांबूनच सांगतेत.”

“मग मला का सांगितलं न्हाईस? माझं मशीन.”

“पंचमीला सांगाया लागले होते की. तुम्ही म्हणालात, हार घालू का.”

जावयाचा हेवा करण्यात एक सोय होती: तो परका होता. त्याला मनातल्या मनात फळेवाला म्हणता येत होतं. आता तोच हेवा घरच्या वाटेला लागला. आपल्या मांडीला मांडी लावून रंगाचे पट्टे म्हणणारी पोर आपल्या पुढं गेली, आणि हे उद्धव सरांना ठाऊक, जावयाला ठाऊक, झाडणारीलासुद्धा ठाऊक असेल. बापाला अभिमान वाटायला पाहिजे. त्याला वाटत होता तो हेवाच. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिनं आत्ता सगळ्यांसमोर आपलं पाप स्वतःच्या टाक्यावर घेतलं होतं. जी पोर आपला टाका कच्चा म्हटला तर दिवसभर रुसायची, ती.

“पोरांना काही झालं असतं तर?” ती हळू म्हणाली.

“झालं असतं,” गुंडप्पा म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “कसं केलं होतंस ते सांग.”

“राहू द्या. मी लावते.”

“सांग म्हणतो ना. मी लावतो. मला कळाया पाहिजे.”

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. तो खरंच विचारतोय का, की पुन्हा काही हार-तुरे काढणार, हे ती जोखत असावी. मग स्टूल ओढून बसली.

“आधी बैठक कशाला म्हणायचं ते बघा. बारा व्होल्ट देतो आपण. माईकमध्ये कुणी बोलत नसताना कलेक्टरच्या पायावर निम्मे पाहिजेत, साधारण सहा. आवाज वरबी जातोय, खालीबी जातोय. मधी उभं असलं तर दोन्हीकडं जागा. तापला की हा खाली खाली बसतोय. पार जमिनीला टेकला की खाली जायला जागाच न्हाई. म्हणून फाटतोय.”

“कानाला मधी लागतं तेच ते.”

“तेच. तुमचा कान चुकत न्हाई. पण तुम्ही ऐकता सकाळी, आणि ते तापतंय दुपारी.”

गुंडप्पानं मान हलवली. हे त्याच्या आजवरच्या धंद्याचं एका वाक्यात वाटोळं होतं.

“आणि तो खालचा? एमिटरला घातलेला?”

“देवणीला आज्जाकडं तो पळका बैल होता बघा. गळ्यात ओंडका बांधलेला.”

“लोढणं.”

“हाव. सावकाश चालला की ते नुसतं लोंबायचं. पळाया लागला की गुडघ्यावर आदळायचं. जितका जोरात पळंल तितका मार जास्ती. मग आपणहून चाल कमी करायचा. मागं कुणी पळाया नको. हा रझिस्टन्स म्हणजे ते लोढणं. करंट वाढला की ह्याच्यावरचं व्होल्टेज चढतंय, एमिटर वर उचलला जातोय, आणि बेसचा जोर तितकाच कमी पडतोय. वर-खालचे ते दोघं बेसला एका जागी धरून ठेवतेत. मग ट्रान्झिस्टर बदला, उन्हाळा येऊ द्या, बैठक हलत न्हाई फारशी.”

गुंडप्पाला समजलं. एका झटक्यात, सगळं. इतकं साधं होतं हेच त्याला सहन होईना. ते लोढणं त्यानं स्वतःच्या हातानं त्या बैलाच्या गळ्यात बांधलं होतं. हंगाम म्हणून लोकांची मशीनं वर्षानुवर्षं उघडत राहिला, आणि हे त्याच्या डोक्यात आलं नाही, पोरीच्या आलं.

“हे लोढण्याचं जावईबापूंनी सांगितलं?”

“ह्यांनी सूत्र सांगितलं. ह्यांच्या घरी बैल कुठं होते.”

त्यातल्या त्यात एवढं तरी देवणीचं निघालं. त्यानं रझिस्टन्स हातात घेतले. ती सांगेल तसे लावत गेला: हा वर, हा खाली, हा एमिटरला. घाम डोळ्यांत उतरत होता. एक टाका त्याचा जाड पडला. तिची नजर तिथं थांबली हे त्याला दिसलं, आणि त्यानं तो वितळवून पुन्हा घातला. लेकीच्या नजरेसाठी टाका पुन्हा घालायची वेळ त्याच्यावर प्रथमच आली होती.

“शिवा शिवा,” तो माईकमध्ये म्हणाला. “दबकाच येतोय. सकाळी हेच खटकलं होतं मला.”

“बरोबर हाय. लोढणं पळण्याला धरतंय तसं आवाजालाबी थोडं धरतंय. त्याच्या अंगाला कपॅसिटर जोडला की आवाज बाजूनं निघून जातोय. तेव्हा माझ्याजवळ न्हवता, आणि इथं जरा हळूच बरा म्हणून सोडून दिलं.”

त्याच्या पिशवीत होता. जोडला. आवाज खुलला. काट्याचं मीटर तिनं घरून मागवलं. ते घेऊन मन्मथच आला आणि बाजूला उभा राहिला. गुंडप्पा त्याच्याकडं न बघता म्हणाला, “बापू, तेवढं टेबल धरा. मशीन पत्र्याजवळ उन्हात घेऊ. इथं तापलं न्हाई तर कळणार कसं?”

मन्मथनं टेबलाचं दुसरं टोक उचललं.

भर उन्हात मशीन ठेवलं. शिवलीलेनं मीटरच्या तारा लावल्या. काटा सहाच्या आसपास होता. पत्रा तापला, मशीनची पेटी हाताला चटके द्यायला लागली. काटा जरा खाली सरकला आणि तिथंच थांबला. तो काटा पडावा असं क्षणभर गुंडप्पाला वाटलं होतं. हे त्यानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही, पण वाटलं होतं.

उद्धव सर दारात येऊन उभे राहिले. मागं लिंबाखाली पोरं वाट बघत होती. सरांनी आधी मशीनकडं बघितलं, मग तिघांतल्या वडील माणसाकडं.

“मामा, तुम्ही सांगाल तसं. पोरांना आत घेऊ का? खात्री आहे तुमची?”

गुंडप्पाच्या तोंडाशी ‘हाव’ आलं होतं. टाके त्याच्याच हातचे होते. त्यानं होय म्हटलं असतं तर लेक काही बोलली नसती, जावई तर नाहीच. आत्ताच दोघांनी ते करून दाखवलं होतं. मशीन पुन्हा गुंडप्पाचं झालं असतं. त्यानं ओठावरचा घाम पुसला.

“मला विचारू नका,” तो म्हणाला. “बैठक हिची हाय. हिला विचारा.”

बोलताना तोंड कडू झालं, लिंबाचा पाला चावल्यासारखं. बोलून झाल्यावरही ते कडूच राहिलं. वाटलं होतं, लेक निदान एकदा आपल्याकडं बघेल.

शिवलीलेची नजर काट्यावर होती. “थांबा जरा, सर,” ती म्हणाली. “अजून तापू द्या.”

आणि उद्धव सर थांबले, मन्मथ थांबला, आणि गुंडप्पाही पेटीवर हात ठेवून, चटका सोसत, थांबला.